वॉरंट आणि त्याचें दप्तर

एकाद्या माणसाला पकडण्याचें वॉरंट निघालें आहे कीं नाहीं, हें त्याला स्वतःला, त्याच्या घरच्या मंडळींना किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळावें कसें? प्रश्न साधा दिसतो, आणि जेथें कायद्याची घडी नीट बसली आहे तेथें त्याचें उत्तरही साधेंच असतें. अमक्या कचेरींत जावें, नांव सांगावें, नोंदवही पाहावी व हवी असल्यास नक्कल मागून घ्यावी. परंतु इतकें साधें उत्तर मिळण्यासाठीं इंग्लंडांतील व अमेरिकेंतील लोकांना कित्येक शतकें झगडावें लागलें आहे. त्या झगड्याचें क्षेत्र म्हणजे त्या देशांतील ‘काउंटी’. काउंटी म्हणजे स्थूलमानानें आपला जिल्हा. तिचें न्यायालय वेगळें, तिचा अंमलदार वेगळा आणि तिचें दप्तरही वेगळें. ह्या दप्तरांत वॉरंटें व अटकेच्या नोंदी कशा सांपडतात, आणि त्या सांपडाव्यात अशी व्यवस्था मुळांत कां झाली, ह्या दोन गोष्टींचा विचार एकत्रच केला पाहिजे; कारण दुसरी कळल्याशिवाय पहिलीचें मोल कळत नाहीं.

वॉरंट म्हणजे सरकारनें प्रजेवर उगारलेली काठी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. कोणाला धरावयाचें, कोणत्या कारणासाठीं धरावयाचें आणि कोणाच्या हुकुमानें धरावयाचें, हें तो कागद शिपायाला सांगतो. म्हणजे ज्याला धरावयाचें त्याच्याइतकाच धरणाराही त्या कागदानें बांधला जातो. मात्र हें बंधन खरें ठरावयास एक अट आहे. तो कागद कोठेंतरी नोंदला गेला पाहिजे, आणि ती नोंद पाहण्याची मुभा इतरांस असली पाहिजे. नोंद नसलेलें वॉरंट आणि तोंडी हुकूम यांत फारसें अंतर राहत नाहीं.

इंग्लंडांत नॉर्मन लोक येण्यापूर्वींच मुलुखाचे ‘शायर’ नांवाचे विभाग होते, व प्रत्येक शायरवर राजाचा एक ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी असे. ‘शायर-रीव्ह’ ह्या जोडशब्दाचा अपभ्रंश होऊन ‘शेरीफ’ हा शब्द बनला. मुंबईच्या रहिवाशांस हा शब्द एका मानाच्या पदामुळें परिचित आहे. पण मूळचा शेरीफ नुसता मानकरी नव्हता. राजाचा वसूल गोळा करणें, कैदी सांभाळणें, आरोपींना न्यायासनापुढें हजर करणें, हीं सारीं कामें त्याच्याकडे असत. नॉर्मन अमदानींत शायरला काउंटी हें नांव मिळालें. इ. स. ११६६ मध्यें दुसऱ्या हेन्री राजानें क्लॅरेंडन येथें जे नियम केले, त्यांअन्वयें प्रत्येक ‘हंड्रेड’मधील, म्हणजे तालुक्यासारख्या पोटविभागांतील, बारा भल्या माणसांनीं शपथेवर गुन्हेगारांचीं नांवें सांगावयाचीं आणि ज्या काउंटींत तुरुंग नसेल तेथें तो बांधावयाचा, असें ठरलें. पुढें १२८५ सालच्या विंचेस्टरच्या कायद्यानें ‘ह्यू अँड क्राय’ची, म्हणजे हाकाटीची, जुनी चाल पक्की केली. चोरी झाली कीं ओरड करावयाची आणि गांवोगांवच्या लोकांनीं चोराचा पाठलाग करावयाचा, अशी ती चाल होती. तींत कागदाला जागाच नव्हती. पाठलाग करणारे ज्याला गांठतील तो चोर!

१३६१ सालीं असा कायदा झाला कीं, प्रत्येक काउंटींत शांतता राखण्याचें काम एक सरदार व तीन-चार प्रतिष्ठित गृहस्थ यांना नेमून द्यावें. हेच पुढें प्रसिद्धीस आलेले ‘जस्टिस ऑफ दि पीस’. ते बहुधा त्याच मुलुखांतील जमीनदार असत. फिर्यादीनें त्यांच्यापुढें शपथेवर तक्रार सांगावी, ती सकारण वाटल्यास त्यांनीं आपल्या सहीशिक्क्यानिशीं गांवच्या कॉन्स्टेबलाला लेखी हुकूम द्यावा, ही वहिवाट हळूहळू रूढ झाली. हेंच अटकेचें वॉरंट. सतराव्या शतकांतील प्रख्यात न्यायाधीश सर मॅथ्यू हेल यांचें मत असें होतें कीं, ज्यांत कोणा विवक्षित माणसाचें नांव नाहीं असें वॉरंट निरर्थक होय. परंतु त्या काळीं हें मत कायदेपंडितांपुरतेंच राहिलें. तें सरकारच्या गळीं उतरावयास पुढच्या शतकाची वाट पाहावी लागली.

हे जस्टिस वर्षांतून चार वेळां एकत्र बसून खटले चालवीत. ह्या बैठकांना ‘क्वार्टर सेशन्स’ म्हणत, आणि बैठकीचे कागद सांभाळण्यासाठीं ‘क्लार्क ऑफ दि पीस’ नांवाचा दप्तरदार असे. आरोपपत्रें, जामीनकतबे, साक्षीदारांचीं निवेदनें, तुरुंगांतील कैद्यांच्या याद्या आणि कांहीं वॉरंटें, असे एका बैठकीचे सारे कागद एका टोकाला भोंक पाडून दोरींत ओंवीत व गुंडाळून ठेवीत. त्या गुंडाळीचें नांव ‘सेशन्स रोल’. पेशवे दप्तरांतील रुमाल ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना ही तऱ्हा ओळखीची वाटेल. मिडलसेक्सचे असे रोल १५४९ पासूनचे व एसेक्सचे १५५६ पासूनचे आजही शिल्लक आहेत. क्वार्टर सेशन्सची पद्धति १९७१ सालच्या कायद्यानें मोडण्यांत आली व १९७२ पासून तिची जागा क्राउन कोर्टानें घेतली. पण तिचें दप्तर मात्र त्या त्या काउंटीच्या दप्तरखान्यांत सुरक्षित आहे. असा काउंटीचा दप्तरखाना उभारण्याचा पहिला मान बेडफर्डशायरचा. तेथील काम १९१३ सालीं सुरू झालें आणि पुढें इतर काउंट्यांनीं त्याचा कित्ता गिरविला.

ह्या दप्तरांत एकाद्या जुन्या आरोपीचा माग काढावयाचा असेल तर कांहीं गोष्टी आधींच ध्यानांत घ्याव्या लागतात. प्रथम काउंटी निश्चित केली पाहिजे. माणूस कोठला राहणारा, यापेक्षां गुन्हा कोठें घडला याला येथें महत्त्व आहे. दुसरें म्हणजे न्यायालय कोणतें हें ठरविलें पाहिजे. किरकोळ चोरी, मारामारी, शांततेचा भंग असले खटले क्वार्टर सेशन्सपुढें येत. खून, दरवडा यांसारखे भारी गुन्हे राजधानीहून फेरीवर येणाऱ्या न्यायाधीशांच्या ‘असाइझ’ न्यायालयापुढें चालत. असाइझचें दप्तर काउंटीकडे राहिलें नाहीं. तें लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहे. तेथेंच १८०५ पासून १८९२ पर्यंतचीं फौजदारी नोंदपुस्तकें आहेत. तीं वर्षवार व काउंटीवार लावलेलीं असून त्यांत आरोपीचें नांव, खटल्याचें ठिकाण, निकाल आणि शिक्षा हीं दिलेलीं आढळतात. जे निर्दोष सुटले त्यांचींही नांवें त्यांत आहेत, ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. नुसतें नांव सांपडलें म्हणून त्याला गुन्हेगार म्हणावयाचें नाहीं. ओळ शेवटपर्यंत वाचली पाहिजे.

तिसरी अडचण भाषेची व कालगणनेची. १७३३ सालापर्यंत इंग्लंडांतील न्यायालयांचे औपचारिक लेख, थोडा काळ वगळतां, लॅटिन भाषेंत व एका खास वळणाच्या कोर्टी अक्षरांत लिहिले जात. मोडी न येणारा मराठी पदवीधर जसा आजोबांच्या खतपत्रांपुढें गप्प बसतो, तसा तेथील सुशिक्षितही ह्या लेखांपुढें गप्प बसतो. वर्षाचा आरंभही १७५२ पूर्वीं तेथें जानेवारींत होत नसे; तो २५ मार्चला होई. आपल्याकडे शक पाडव्याला बदलतो, तसाच हा प्रकार. त्यामुळें जुन्या कागदावर १७४० सालचा फेब्रुवारी लिहिला असेल तर तो आजच्या हिशेबानें १७४१ चा फेब्रुवारी होय. पुष्कळदां तर सन न देतां अमक्या राजाच्या राज्यारोहणापासूनचें वर्ष दिलेलें असतें. आडनांवाचें स्पेलिंगही एकाच कागदांत दोन-तीन तऱ्हांनीं येतें. म्हणून शोध करणारानें उच्चाराला धरून चालावें, अक्षराला धरून चालूं नये.

इतकें करूनही प्रत्यक्ष वॉरंट हातीं लागेलच असें नाहीं. तें कॉन्स्टेबलाच्या खिशांत गेलेलें असे, आणि माणूस हजर झाला कीं त्याचें काम संपे. असें असलें तरी दप्तरांत वॉरंटाच्या पाऊलखुणा उमटलेल्या असतात. अमक्या तारखेस हजर राहीन असा आरोपीनें लिहून दिलेला जामीनकतबा, तुरुंगाधिकाऱ्याच्या यादींत ‘कोणाच्या हुकुमानें आंत घेतला’ म्हणून केलेली नोंद, किंवा कैद्याला काउंटीच्या तुरुंगांत पोंचविण्याचा खर्च मागणारा कॉन्स्टेबलाचा हिशेब, यांवरून नाहींसें झालेलें वॉरंट पुन्हां उभें करतां येतें. खर्चाच्या चार ओळींवरून एकाद्या माणसाच्या आयुष्यांतला सर्वांत वाईट दिवस कोणता, हें समजतें.

आतां ह्या कागदाची गरज कां भासली तें पाहूं. १६२७ सालीं पहिल्या चार्ल्स राजानें पार्लमेंटच्या संमतीवांचून सक्तीचें कर्ज उभारलें. तें देण्याचें नाकारणाऱ्यांना तुरुंगांत टाकण्यांत आलें. त्यांपैकीं पांच सरदारांनीं ‘हेबिअस कॉर्पस’चा अर्ज केला, म्हणजे आपल्याला कोणत्या कारणासाठीं कोंडलें आहे तें न्यायालयापुढें सांगण्यांत यावें, अशी मागणी केली. उत्तर आलें तें असें कीं, ‘राजाच्या खास हुकुमावरून.’ गुन्ह्याचें नांव नाहीं, फिर्यादीचें नांव नाहीं. न्यायाधीशांनीं तेवढ्यावर त्यांना पुन्हां तुरुंगांत धाडलें. साऱ्या देशाला ह्याचा धक्का बसला. दुसऱ्याच वर्षीं, १६२८ मध्यें, पार्लमेंटनें ‘पिटिशन ऑफ राइट’ राजापुढें ठेवून कारण दाखविल्याशिवाय कोणालाही कैदेंत ठेवूं नये असें त्याच्याकडून मान्य करून घेतलें, आणि १६७९ च्या हेबिअस कॉर्पस कायद्यानें त्या मान्यतेला अंमलबजावणीचें बळ दिलें. कागदावर कारण पाहिजे, हा पहिला विजय.

कागदावर नांव पाहिजे, हा दुसरा विजय. आणि तो मिळावयास १७६३ साल उजाडलें. त्या वर्षीं २३ एप्रिल रोजीं ‘नॉर्थ ब्रिटन’ ह्या पत्राच्या ४५ व्या अंकांत राजाच्या भाषणावर कडक टीका आली. लेखावर सही नव्हती. तेव्हां मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांनीं ह्या पत्राचे लेखक, मुद्रक व प्रकाशक यांना शोधून पकडावें असें वॉरंट काढलें. त्यांत कोणाचेंच नांव नव्हतें. नांव नसल्यामुळें सरकारी दूतांनीं ज्याचा संशय आला त्याला उचललें. अशा रीतीनें ४९ माणसें धरली गेलीं. त्यांत छापखान्यांतले साधे नोकरही होते. पत्राचे चालक जॉन विल्क्स हे पार्लमेंटचे सभासद असल्यामुळें थोड्याच दिवसांत सुटले. पण त्यांनीं व ह्या छापखानेवाल्यांनीं उलट सरकारी नोकरांवरच दाव्यांचा सपाटा लावला. आठवड्याला एक गिनी मजुरी मिळविणाऱ्या एका मुद्रकाला सुमारें सहा तास अडकवून ठेवलें होतें. त्याला ज्यूरीनें तीनशें पौंडांची भरपाई देवविली! विल्क्स यांना एक हजार पौंड मिळाले.

१७६५ सालीं जॉन एंटिक यांच्या दाव्याचा निकाल लागला. हे एंटिक म्हणजे शाळा चालविणारे व पुस्तकें लिहिणारे एक गृहस्थ. १७६२ च्या नोव्हेंबरांत सरकारी दूत त्यांच्या घरांत शिरले व त्यांनीं चार तास पेट्या-कपाटें फोडून कागदपत्रें उचलून नेलीं. ह्या वेळच्या वॉरंटांत एंटिक यांचें नांव होतें; पण असें वॉरंट काढण्याचा अधिकार मंत्र्याला कोठून आला, हा प्रश्न निघाला. सरकारचें म्हणणें, पूर्वापार चालत आलेलें आहे. मुख्य न्यायाधीश लॉर्ड कॅमडेन यांचा निर्णय थोडक्यांत असा कीं, हा जर कायदा असेल तर तो कायद्याच्या ग्रंथांत दाखवावा. तेथें तो सांपडत नाहीं, म्हणून तो कायदा नव्हे. एका शाळामास्तराच्या फुटलेल्या कपाटांनीं साऱ्या राज्याला हा धडा दिला. पुढच्या वर्षीं, १७६६ मध्यें, पार्लमेंटच्या लोकसभेनेंही बेनांवी वॉरंटांविरुद्ध ठराव केला.

हाच वाद अटलांटिक महासागराच्या पलीकडे, इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतींत, अधिक तीव्र स्वरूपांत चालू होता. वसाहतवाल्यांनीं इंग्लंडांतून काउंटी, शेरीफ आणि जस्टिस ऑफ दि पीस ह्या तिन्ही संस्था बरोबर नेल्या होत्या. तेथें जकातखात्याच्या अधिकाऱ्यांना चोरट्या मालासाठीं वाटेल त्या घरांत शिरण्याचे मोघम परवाने देण्यांत येत. १७६१ सालीं बोस्टन येथें जेम्स ओटिस ह्या वकिलानें त्यांविरुद्ध जें भाषण केलें तें पुढच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या ठिणग्यांपैकीं एक मानलें जातें. १७७६ च्या जूनमध्यें व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्यानें मोघम वॉरंटांचा निषेध केला आणि १७९१ सालीं अमेरिकेच्या राज्यघटनेंत चौथी दुरुस्ती आली. तिच्याअन्वयें शपथेवर सांगितलेलें सबळ कारण असल्याशिवाय वॉरंट निघूं नये, आणि झडतीची जागा व पकडावयाचा माणूस किंवा वस्तु यांचें नेमकें वर्णन त्यांत असावें, असें बंधन पडलें.

आजच्या अमेरिकेंत काउंट्यांची संख्या तीन हजारांच्या वर आहे. लुइझिआना संस्थानांत त्यांना ‘पॅरिश’ म्हणतात, अलास्कांत ‘बरो’ म्हणतात. कनेक्टिकट संस्थानानें १९६० सालीं काउंटीचा राज्यकारभारच बंद केला. बाकी बहुतेक ठिकाणीं काउंटी हाच फौजदारी न्यायाचा पाया आहे. शेरीफ बहुतेक ठिकाणीं मतदारांनीं निवडून दिलेला असतो, आणि कित्येक संस्थानांत न्यायालयाचा दप्तरदारही निवडून येतो. वॉरंट न्यायाधीश काढतो, दप्तरदार त्याची नोंद ठेवतो, शेरीफ तें बजावतो. अशा तीन हातांतून एकच कागद फिरतो. म्हणून शोधही तीन दारीं करावा लागतो.

पहिलें दार न्यायालयाच्या दप्तरदाराचें. तेथें आरोपींच्या नांवांची वर्णानुक्रमानें फेरिस्त असते, आणि तींतून खटल्याचा क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाच्या नोंदपत्रकांत प्रत्येक तारखेस काय घडलें तें ओळीनें लिहिलेलें असतें. वॉरंट निघालें, बजावलें गेलें कीं रद्द झालें, तें तेथें दिसतें. बऱ्याच काउंट्यांत ही फेरिस्त आतां संगणकावर घरबसल्याही पाहतां येते. दुसरें दार शेरीफचें. त्याच्याकडे न बजावलेल्या वॉरंटांची यादी असते; कांहीं काउंट्या ती प्रसिद्ध करतात, कांहीं करीत नाहींत. तिसरें दार शहरांच्या छोट्या न्यायालयांचें. त्यांचीं वॉरंटें काउंटीच्या फेरिस्तींत येतीलच असें नाहीं. सबंध देशाच्या सरकारचे गुन्हे वेगळ्याच संघीय न्यायालयांत चालतात व त्यांचें दप्तर तेथेंच असतें. देशभरच्या वॉरंटांची एकत्र माहिती १९६७ सालापासून पोलिसांसाठीं ठेवली जाते. परंतु ती पोलिसांच्या उपयोगाची, सामान्य नागरिकाला खुली नाहीं.

वॉरंटाच्या जातीही ओळखल्या पाहिजेत. गुन्ह्याच्या आरोपावरून निघतें तें अटकेचें वॉरंट. तारखेला गैरहजर राहिल्याबद्दल किंवा हुकूम मोडल्याबद्दल न्यायाधीश बसल्या जागेवरून काढतो तें ‘बेंच वॉरंट’. साधा दंड भरावयाचा विसरलेल्या माणसावरही तें निघूं शकतें. घरझडतीचें वॉरंट तिसरें. पुष्कळ वॉरंटें बजावली जाईपर्यंत गुप्त ठेवलेलीं असतात, कारण आगाऊ खबर लागली तर माणूस पळून जाईल व पुरावा जळून जाईल. म्हणजे फेरिस्तींत नांव नाहीं, एवढ्यावरून वॉरंट नाहींच असें म्हणतां येत नाहीं. शिवाय नामसादृश्याचा धोका मोठा. जन्मतारीख व मधलें नांव जुळल्याशिवाय कोणाविषयीं कांहीं मानूं नये. आपल्या स्वतःच्या नांवावर वॉरंट असल्याची शंका असेल तर शहाणा माणूस वकिलामार्फत चौकशी करतो. कारण शेरीफच्या कचेरींत विचारावयास गेलेला माणूस तेथेंच अडकण्याचा संभव असतो. न्यायालयाचे कागद पाहण्याचा व त्यांच्या नकला घेण्याचा सामान्य जनतेचा परंपरागत हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं मान्य केला. तो निरपवाद नाहीं, हेंही त्याच निकालांत सांगितलेलें आहे.

कागद मर्त्य असतो, हें सांगावयास नकोच. व्हर्जिनियांतील हॅनोव्हर काउंटीनें यादवी युद्धांत आपलें दप्तर सुरक्षिततेसाठीं रिचमंड शहरीं हलविलें आणि १८६५ च्या एप्रिलांत रिचमंडच्या आगींत त्याचा बहुतेक भाग भस्म झाला. परंतु नोंद नाहींशी होण्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, भयंकर प्रकार म्हणजे खोटी झालेली नोंद खरी म्हणून उरणें. ह्याचे दोन दाखले अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालांत आहेत.

पहिला ॲरिझोना संस्थानांतील फीनिक्स शहराचा. १९९१ च्या जानेवारींत रहदारीचा नियम मोडल्यावरून पोलिसांनीं एक मोटार थांबविली. संगणकानें सांगितलें कीं, चालकावर वॉरंट आहे. त्याला तेथेंच बेड्या पडल्या व झडतींत गांजा सांपडला. वस्तुतः तें वॉरंट सतरा दिवसांपूर्वींच रद्द झालें होतें. ती खबर न्यायालयाकडून शेरीफच्या यादीपर्यंत पोंचलीच नव्हती. १९९५ सालीं सात विरुद्ध दोन मतांनीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, चूक न्यायालयाच्या कारकुनाची, पोलिसाची नव्हे. म्हणून सांपडलेला पुरावा बाद करण्याचें कारण नाहीं. दुसरा दाखला अलाबामांतील. २००४ च्या जुलैमध्यें कॉफी काउंटीच्या अंमलदारानें शेजारच्या डेल काउंटींत विचारणा केली. तेथील संगणकावर वॉरंट चालू दिसलें. कागदाची प्रत मागतांच कारकुनाला तो कागद सांपडेना, कारण तें वॉरंट पांच महिन्यांपूर्वीं परत घेतलेलें होतें. ही गोष्ट दहा-पंधरा मिनिटांतच कळविण्यांत आली. पण तेवढ्यांत माणूस पकडला जाऊन त्याच्याजवळ अमली पदार्थ व पिस्तूल सांपडलें होतें. २००९ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल पुन्हां पोलिसांच्या बाजूनें लागला. चार न्यायाधीशांचें मत विरुद्ध पडलें, यावरून प्रश्न किती नाजूक आहे तें दिसतें. ह्या दोघांजवळ आक्षेपार्ह वस्तु होत्या हें खरें. परंतु तेंच चुकलेलें वॉरंट एकाद्या निरुपद्रवी माणसाच्या नांवावर असतें तर त्यालाही भर रस्त्यांत बेड्या पडल्या असत्या, आणि त्याची तर हकीकतही कोणाच्या कानीं आली नसती.

हा इतिहास मराठी वाचकाला परका वाटण्याचें कारण नाहीं. इंग्रजांनीं स्वदेशांत जें अमान्य केलें तेंच येथें चालविलें. मुंबई सरकारच्या १८२७ सालच्या पंचविसाव्या रेग्युलेशनप्रमाणें सरकारला वाटेल त्याला ‘राजकीय कैदी’ म्हणून खटल्यावांचून अटकेंत ठेवतां येई. १८९७ सालीं पुण्यास रँडसाहेबाचा खून झाला. त्याच सालच्या जुलैमध्यें लोकमान्य टिळक यांना पकडण्यांत आलें, आणि पुण्याचे सरदार नातूबंधु यांनाही पकडण्यांत आलें. टिळकांवर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला, ज्यूरीपुढें खटला चालला व त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. नातूबंधूंना मात्र त्या जुन्या रेग्युलेशनखालीं नुसतें कोंडून ठेवलें. आरोप नाहीं, साक्षीपुरावा नाहीं, निकालही नाहीं. टिळकांवर अन्याय झाला असें ज्याला म्हणावयाचें आहे, त्याला खटल्याचें दप्तर उघडून शब्दशः दाखवितां येतें आणि सव्वाशें वर्षांनंतरही वाद घालतां येतो. नातूबंधूंच्या बाबतींत उघडावयास खटलाच नाहीं. १६२७ सालच्या पांच सरदारांना मिळालेलें उत्तरच पुण्याच्या दोन सरदारांना मिळालें.

आणि गंमत अशी कीं, त्याच सरकारनें पुढच्याच वर्षीं केलेल्या १८९८ च्या फौजदारी कायद्यांत वॉरंटाचे नियम अगदीं चोख होते. वॉरंट लेखी असावें, त्यावर न्यायाधिकाऱ्याची सही व न्यायालयाचा शिक्का असावा. बजावणाऱ्यानें त्याचा आशय सांगावा व मागितल्यास तें दाखवावें. आणि रद्द होईपर्यंत किंवा बजावलें जाईपर्यंत तें चालू राहील. हे नियम १९७३ च्या कायद्यांत राहिले आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ७२ व ७७ ह्या कलमांतही राहिले आहेत. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमानें अटकेचें कारण कळविण्याचें बंधन घातलें. प्रतिबंधक स्थानबद्धतेला मात्र त्याच कलमांत जागा ठेवली आहे. नव्या संहितेच्या ३७ व्या कलमानें त्यांत एक मोलाची भर टाकली आहे. पकडलेल्या माणसांचीं नांवें व आरोपाचें स्वरूप यांची माहिती ठेवणारा अधिकारी प्रत्येक जिल्ह्यांत व प्रत्येक पोलिसठाण्यांत असावा, आणि ती माहिती ठाण्यावर व जिल्ह्याच्या ठिकाणीं ठळकपणें लावलेली असावी, असें तें कलम सांगतें. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पहिली खबर, म्हणजे एफ.आय.आर., नाजुक प्रकरणें वगळून चोवीस तासांच्या आंत संकेतस्थळावर ठेवण्याचा हुकूम केला. जिल्हा न्यायालयांतील खटल्यांची स्थिति पक्षकाराच्या नांवावरून आतां घरीं बसूनही पाहतां येते. काउंटीच्या दप्तरदाराचें दार आपल्याकडे जिल्ह्याच्या पातळीवर उघडलें आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु दार उघडें असून आंत कोणी जात नसेल तर त्याचा उपयोग काय? फलकावर नांव लागलें आहे कीं नाहीं हें पाहणारा कोणी नसला, तर फलक कोराच राहतो. आणि रद्द झालेल्या वॉरंटावर शेरा मारला आहे कीं नाहीं हें विचारणारा कोणी नसला, तर तो शेरा मारण्याचें कारकुनालाही स्मरण राहत नाहीं. हा कंटाळवाणा उद्योग वकिलांवर सोंपवून सुशिक्षित गृहस्थ स्वस्थ बसतो, तेव्हां तो पूर्वजांनीं मोठ्या कष्टानें मिळविलेला हक्क वापरावांचून गंजूं देतो. वॉरंटाचा प्रश्न ज्याच्या घरीं येईल त्यानें, आणि शेजारधर्म म्हणून इतरांनींही, तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. सही कोणाची आहे? नांव नक्की कोणाचें आहे? आणि आजच्या तारखेस तें चालू आहे काय? पहिल्या प्रश्नासाठीं एंटिकनें दावा लढविला, दुसऱ्यासाठीं लंडनच्या छापखान्यांतील कामगारांनीं लढविला. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर अजून कारकुनाच्या लेखणीवर अवलंबून आहे, आणि त्या लेखणीवर लक्ष ठेवण्याचें काम प्रत्येक पिढीनें आपल्याकडे घ्यावयाचें आहे.